थिरकवा : संगतीत घडलेला तबला

तबलियाचे मोठेपण त्याच्या स्वतंत्र वादनावरून ठरविण्याची आपल्या रसिकतेची जुनी खोड आहे. पेशकार, कायदे, रेले, गती यांचा साठा म्हणजे विद्या आणि संगत म्हणजे चरितार्थ, अशी ही वाटणी. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्या बाबतीत ती मुळीच टिकत नाही.

मुरादाबादचे थिरकवा मुंबईत उस्ताद मुनीरखाँकडे शिकले. मुनीरखाँनी विद्या अनेक ठिकाणांहून वेचलेली. दिल्लीचा किनारीचा बंद बाज आणि पूरबचा खुला बाज त्यांच्या तालमीत शेजारी नांदत. शिष्याच्या हाताला दोन्ही वळणे लाभली. कोणते वळण केव्हा आवरावे, हे मात्र त्याला गंधर्व नाटक मंडळीने शिकविले, असे म्हणावेसे वाटते.

१९१३ मध्ये निघालेल्या या मंडळीच्या वैभवकाळात ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या जोडीला थिरकवांचा तबला असे. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाचे संगीत भास्करबुवा बखल्यांचे. आणि बुवा तर ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्ही परंपरांत शिकलेले. साहजिकच मंडळीच्या तबलियाला एकाच रात्री ख्यालाचे वजनही पेलावे लागे आणि ठुमरीची लवचीक चालही. त्यातून गाणारे बालगंधर्व! शब्द मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत ठेवून समेवर अलगद उतरण्याची त्यांची रीत. ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा, पण जसेच्या तसे कधीच नाही. इथे कायदा उलगडायला सवड कुठली? दोन ओळींमधल्या फटीत एखादा मुखडा, चिमुकली लग्गी, की लगेच ठेका. पद संपताच पुढचा संवाद सुरू व्हायचा असतो, याचेही भान हवे.

नाटक कंपनीत या उस्तादाची उमेदीची वर्षे वाया गेली, असा एक सूर अधूनमधून निघतो. थिरकवांच्या स्वतंत्र वादनाची ध्वनिमुद्रणे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. द्रुत रेल्यातही प्रत्येक बोल सुटा, गोल. बायाची आस गायकाच्या मिंडेसारखी. आणि दोन बोलांमधली जागा भरून टाकण्याची घाई नाही. ही विश्रांती केवळ रियाजाने येत नाही. ती दुसऱ्याचा श्वास ऐकत बसल्याने येते.

पुढे रामपूर दरबार, मग लखनौ. फैयाजखाँसारख्या आग्रेवाल्या गायकाची संगत म्हणजे नाट्यपदाच्या अगदी उलट कसोटी: तिथे बोलबाटीचे आव्हान उचलावे लागते, नुसते सावरून भागत नाही. लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ च्या जानेवारीत ते निवर्तले. त्यांच्या शिष्यांपैकी बंगालमधून मुंबईत आलेले निखिल घोष हे आमीर हुसेनखाँ आणि ज्ञानप्रकाश घोष यांच्याकडेही शिकले होते. १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘संगीत महाभारती’ उभी केली. तिथे तबल्याबरोबर गायन आणि सतारही शिकविली जाऊ लागली.