वयस्क मांजर दत्तक घेताना

प्राणी निवारा केंद्रात मांजर दत्तक घेण्यासाठी येणाऱ्यांची नजर सर्वप्रथम पिलांकडे जाते. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला घर मिळण्यास फारसा वेळ लागत नाही. कोपऱ्यात शांतपणे बसलेले आठ-दहा वर्षांचे मांजर मात्र बराच काळ तिथेच राहते. वास्तविक शहरातील लहान सदनिकेत, दिवसभर कामावर जाणाऱ्या किंवा निवृत्त झालेल्या माणसांच्या घरात, असे मांजर पिलापेक्षा अधिक सहजपणे सामावू शकते. अर्थात, त्यासाठी त्याचे वय, प्रकृती आणि पुढील जबाबदारी यांची पुरेशी कल्पना आधीच असायला हवी.

वयाचे गणित

अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनांनी २०२१ मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १० वर्षांचे मांजर प्रौढ, तर १० वर्षांवरील मांजर ज्येष्ठ मानले जाते. माणसाच्या वयाशी तुलना करण्याचे रूढ गणित असे, की मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या १५ वर्षांइतके, दुसऱ्या वर्षाअखेर ते २४ वर्षांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्ष चार वर्षांइतके. या हिशेबाने १० वर्षांचे मांजर ५६ वर्षांच्या माणसासारखे ठरते.

घरातच राहणारी, निर्बीजीकरण झालेली मांजरे १५ वर्षांपर्यंत आणि कित्येकदा त्याहून अधिक जगतात. टेक्सासमधील ‘क्रीम पफ’ (१९६७ ते २००५) ही मांजरी तर ३८ वर्षे जगली. हा अपवाद झाला. मात्र आठ वर्षांच्या मांजरापुढे आणखी बरेच आयुष्य असू शकते, हे निश्चित. रस्त्यावरून आणलेल्या मांजराचे वय दात आणि डोळे पाहून ठरवले जात असल्याने ते अंदाजे असते, हेही लक्षात घ्यावे.

निवाऱ्यात येण्याची कारणे

मालकाचे निधन, परगावी किंवा परदेशी झालेली बदली, भाड्याच्या घरात मांजर ठेवण्यास घरमालकाचा नकार, घरात झालेले बाळ, कुणाला तरी असलेली अॅलर्जी, अशा कारणांनी पाळीव मांजरे निराधार होतात. यातील एकाही कारणात मांजराचा दोष नसतो. काही वेळा मात्र ‘घाण करते’ अशी तक्रार असते. वयस्क मांजर ट्रेबाहेर घाण करू लागले, तर त्यामागे बहुधा सांधेदुखी, मूत्रमार्गाचा विकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असतो. ती खोड नसून आजाराचे लक्षण असते.

प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात नमूद केलेला दंड केवळ १० ते ५० रुपये असल्याने कायद्याचा धाक फारसा राहत नाही.

‘मांजर घराचे’?

कुत्रा माणसाला जीव लावतो, मांजर मात्र घराला, असा समज आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळेच वयस्क मांजर नव्या माणसांत रमणार नाही, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळे चित्र दिसले. सांभाळणारी व्यक्ती थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परतल्यावर मांजरे कशी वागतात, हे त्यांनी तपासले. पिलांप्रमाणेच प्रौढ मांजरांपैकीही सुमारे दोनतृतीयांश मांजरांना आपल्या माणसाचा आधार वाटत असल्याचे त्यात आढळले.

याचाच दुसरा अर्थ असा, की घर आणि माणूस दोन्ही गमावलेल्या मांजराला त्याचा धक्का बसतो. निवाऱ्यातील आवाज, अनोळखी वास आणि इतर मांजरे यांमुळे ते मूळ स्वभावापेक्षा अधिक बुजरे किंवा चिडके दिसू शकते. म्हणून एकाच भेटीत मत बनवू नये. दोन-तीन वेळा जाऊन, शांतपणे जवळ बसून पाहावे. ते उचलून घेऊ देते का, मुलांना किंवा कुत्र्यांना घाबरते का, आधी कोणत्या प्रकारच्या घरात होते, हे कर्मचाऱ्यांना विचारावे. पिलाचा स्वभाव घडायचा असतो. प्रौढ मांजराचा बव्हंशी घडलेला असतो. दत्तक घेणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे.

आधी तपासणी

दत्तक घेण्यापूर्वी निर्बीजीकरण, रेबीज व इतर लशी आणि जंतनाशक औषधे यांच्या नोंदी मागून घ्याव्यात. रक्त व लघवीची तपासणी, रक्तदाब आणि दातांची पाहणी करून घेणे इष्ट. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, थायरॉइडचा अतिस्राव, मधुमेह आणि हिरड्यांचे आजार उतारवयात अधिक आढळतात. मूत्रपिंडाची बरीचशी कार्यक्षमता संपेपर्यंत बाहेरून काहीच लक्षात येत नाही, म्हणून तपासणीचे महत्त्व. सांधेदुखीही अशीच लपून राहते. २००२ मधील एका अमेरिकी अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांचे क्ष-किरण तपासले असता त्यांपैकी ९० टक्के मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली होती.

‘एफआयव्ही’ आणि ‘एफईएलव्ही’ या विषाणूंची चाचणीही करावी. ‘एफआयव्ही’ची लागण असलेले मांजर योग्य काळजी घेतल्यास वर्षानुवर्षे चांगले जगू शकते. ‘एफईएलव्ही’ अधिक गंभीर असतो. हे दोन्ही विषाणू माणसाला होत नाहीत. मात्र घरात आधीपासून मांजर असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक ठरतो.

पहिले काही दिवस

नव्या मांजराला सुरुवातीला एकाच खोलीत ठेवावे. तिथे पाणी, अन्न, मातीचा ट्रे आणि लपण्यासाठी खोका असावा. ट्रे आणि अन्न एकमेकांपासून दूर ठेवावे. मांजर पलंगाखाली जाऊन बसले तर ओढून बाहेर काढू नये. ते आपणहून बाहेर येईपर्यंत काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात.

या काळात लक्ष ठेवायचे ते खाण्यावर. मांजर दोन दिवस काहीच न खाता राहिले, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. स्थूल मांजरांना हा धोका अधिक. त्यामुळे २४ तास अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवावे. बोका लघवीसाठी वारंवार बसत असूनही लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी उपचार हवेत.

आहार आणि औषधे

मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन या घटकाच्या अभावी मांजरांना हृदयविकार होतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. म्हणूनच केवळ दूधभात किंवा दूधपोळी हा मांजराचा आहार होऊ शकत नाही. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचतही नाही. शाकाहारी कुटुंबाने हा प्रश्न आधीच सोडवून मगच निर्णय घ्यावा. आहारात बदल करायचा झाल्यास तो सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. पाणी जास्त जावे, यासाठी ओले खाद्य आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी उपयोगी पडतात.

माणसाचे कोणतेही औषध मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक, कांदा-लसूण आणि लिलीची फुले हीदेखील विषारी ठरतात.

घरातील सोयी

ट्रेची कड बुटकी असावी, म्हणजे दुखऱ्या पायांना त्रास होत नाही. आवडत्या खिडकीपर्यंत पोचण्यासाठी मध्ये एखादे स्टूल ठेवावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडक्या आणि गॅलरीला जाळी बसवूनच मांजर आणावे. वयस्क मांजराची नखे जाड होऊन तळव्यात रुतू शकतात, त्यामुळे ती नियमित पाहावीत. महिन्यातून एकदा वजन करावे. त्यासाठी आधी मांजराला घेऊन व मग एकट्याने काट्यावर उभे राहिले, की पुरे. पशुवैद्यकाकडे वर्षातून दोनदा तपासणी करावी.

वेळेचा हिशेब

वयस्क मांजराचा औषधोपचारांचा खर्च पिलापेक्षा अधिक असू शकतो आणि सहवासाची वर्षे कमी. हे दोन्ही मान्य असेल तरच पुढे जावे. आपण गावाला गेल्यास किंवा आजारी पडल्यास मांजराकडे कोण पाहील, हेही आधीच ठरवून ठेवावे.

मुले परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेल्या ज्येष्ठ दाम्पत्यांनी याची दुसरी बाजूही पाहावी. सत्तरीत आणलेले पिलू त्यांच्या नव्वदीपर्यंत जगू शकते आणि त्यांच्यामागे पुन्हा निराधार होऊ शकते. दहा वर्षांच्या मांजराबाबत ही शक्यता बरीच कमी. त्याला धावपळ नको असते, एक शांत कोपरा, वेळेवर अन्न आणि जवळ बसणारे माणूस हवे असते. निवाऱ्यात दीर्घकाळ थांबलेल्या मांजराला इतके मिळाले, तरी त्याची उरलेली वर्षे सुखाची होतात.