पाण्याचं विचारतो, गाळाचं कोण विचारणार?

मंडळी, नाशिकच्या सांडपाण्याचा विषय निघाला की आम्ही निफाड तालुक्यातली माणसं एकच विचारतो, नदीत घाण पाणी का सोडता? बातमीदारीत मीही वर्षानुवर्षं हेच विचारत आलो. पण मलनिस्सारण केंद्रातून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक पाणी, दुसरा गाळ. पाण्याची बातमी होते, गाळाची होत नाही. आणि इतिहास चाळला तर लक्षात येतं, या शास्त्राचा जीव गाळातच आहे.

सुरुवात आपल्याच मुंबईत सापडते. १८९० साली पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला कुष्ठरुग्णांसाठी आश्रम निघाला. आज वडाळ्याला त्यांच्याच नावाचं रुग्णालय आहे. तिथे १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांवर गॅस गोळा करायची सोय केली आणि त्या गॅसवर इंजिन चालवलं. आपल्याकडे गोबरगॅस यायच्या कितीतरी आधी!

दुसरा टप्पा मँचेस्टरचा, १९१४. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्यांदा पाणी पूर्ण निवळायला काही आठवडे लागले. मग त्यांनी वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. असं करत गेले तसा वेळ कमी होत काही तासांवर आला. कारण त्या गाळात घाण खाणारे जिवाणू वाढलेले होते. दह्याचं विरजण राखून ठेवावं तसाच प्रकार. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

तिसरा टप्पा १९७० च्या दशकात हॉलंडमध्ये. लेटिंगा यांनी हवा न देता काम करणारी टाकी बनवली. सांडपाणी खालून वर चढतं, वाटेत गाळाच्या थरातून जातं, वर गॅस मिळतो. वीज कमी लागते म्हणून ही ‘यूएएसबी’ पद्धत भारतात पसरली. नाशिकची तपोवन आणि आगरटाकळीची जुनी केंद्रं याच पद्धतीची.

आता आपल्याकडे या. ही केंद्रं बांधली तेव्हा मुख्य हिशोब बीओडीचा होता, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचा. मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितलं. पण जुन्या पद्धतीत नत्र आणि स्फुरद बरंचसं पाण्यातच राहतं. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, ते खतच आहे. सायखेडा-चांदोरीच्या पुलाला अडकणाऱ्या पानवेली त्याच खतावर पोसतात. तेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला अडतं. २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ते हेच. तिथून कालव्याने पाणी कोपरगाव-राहात्याकडे जातं.

हे झालं पाण्याचं. आता गाळ.

टाकीतून निघालेल्या गाळात साधारण ९७ टक्के पाणीच असतं. त्याला घट्ट करून ९४ टक्क्यांवर आणलं तरी आकारमान निम्मं होतं. म्हणून तो आधी घट्ट करतात, कुजवतात आणि मग वाळवण्याच्या वाफ्यात पसरतात किंवा यंत्रात पिळतात. शेवटी राहते काळी, भुसभुशीत ढेप. त्यात नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब सगळं असतं. पण जंताची अंडीही असतात आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गटारात प्लेटिंगच्या कारखान्याचं पाणी शिरलं असेल तर क्रोमियम, निकेल, जस्तही गाळातच उतरतं. पाणी जितकं स्वच्छ, तितका गाळावर भार जास्त. घाण नाहीशी होत नाही हो, फक्त जागा बदलते.

म्हणूनच अमेरिकेने १९९३ मध्ये नियम करून शेतात जाणाऱ्या गाळाचे दोन वर्ग पाडले आणि धातूंच्या मर्यादा ठरवल्या.

काही वर्षांपूर्वी एका शहराचं केंद्र बघायला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्याचे आकडे फलकावर रंगवलेले होते. विचारलं, “साहेब, गाळ कुठे जातो?” उत्तर आलं, “शेतकरी नेतात.” कोणते शेतकरी? तपासणी होते का? साहेबांनी चहा मागवला. तो चहा पिऊन मी परत आलो आणि बातमी पाण्याचीच लिहिली. ती चूक माझी.

आपला भाग द्राक्ष-कांद्याचा. द्राक्षाची निर्यात तपासणीच्या कागदावर चालते. फुकट खत म्हणून कोणी ट्रॉलीभर काळी माती आणून टाकली, तर तिचा कागद आपण मागतो का?

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. केंद्रांवर खर्च होणार, उद्घाटनं होणार. तेव्हा पाण्याच्या आकड्यांसोबत आणखी तीन गोष्टी मागू. रोज गाळ किती निघतो, त्यात धातू आणि जंत किती आणि तो कोणत्या गावात, कोणाच्या शेतात जातो. ग्रामसभेचा ठराव करा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मी माझा अर्ज लिहायला घेतलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.