वजन आणि भविष्य

पूर्वी रेल्वे स्टेशनावर वजनाचं यंत्र असे. लाल-निळे दिवे लुकलुकत, आतली चक्रं गरगरत, आणि फटीत नाणं टाकलं की खाडकन आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचं एक तिकीट बाहेर पडे. तिकिटावर दोन गोष्टी असत : वजन आणि भविष्य. गाडी लेट आहे असं कळलं की वडिलांच्या मागे लागून मी त्या यंत्रावर चढत असे. एकदा वजन निघालं एकवीस किलो आणि भविष्य निघालं, ‘आपणांस लवकरच मोठे पद प्राप्त होईल.’ पुढे मी शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून लागलो आणि इतिहासाचा मास्तर म्हणूनच निवृत्त झालो. पद होतं तेवढंच राहिलं. वाढलं ते वजन.

हल्ली आमच्या घरात मुलाने आणलेला काचेचा काटा आहे. तो ग्रॅमपर्यंत वजन सांगतो, पण भविष्य सांगत नाही. ते काम सौ. करते. ‘हे सगळं तुमच्या राहणीचं फळ आहे,’ ती म्हणते. राहणी म्हणजे माझी दुपारची झोप, चहाबरोबरच्या चकल्या आणि आरामखुर्ची. मी म्हणतो, ‘हे सगळं परिस्थितीचं फळ आहे.’ परिस्थिती म्हणजे कोपऱ्यावरचं फरसाणाचं दुकान, इमारतीला बसवलेली लिफ्ट आणि तिच्या हातची पुरणपोळी. पुरणपोळीला परिस्थिती म्हटल्याबद्दल मला एकदा दोन दिवस दुधीभोपळ्याची परिस्थिती भोगावी लागली होती.

हा वाद असाच आणखी पंचवीस वर्षं सुखाने चालला असता. पण मध्ये आमची नात पडली. वय वर्षं अकरा. अंगाने माझ्या वळणावर गेलेली. मी तिला लाडाने ‘लाडवा’ म्हणत असे. एका रात्री तिने पानातली दुसरी पोळी उचलून परत डब्यात ठेवली आणि विचारलं, ‘आजोबा, मी जाडी आहे ही माझी चूक आहे का?’ वर्गात कुणीतरी तिचं नाव ‘रोडरोलर’ ठेवलं होतं.

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं. इतिहासाच्या मास्तराला उत्तर आलं नाही की तो सनावळीत शिरतो. ‘उद्या सांगतो,’ म्हणालो आणि वाचनालय गाठलं. त्या उद्याला पुढे तीन आठवडे लागले.

सुरुवात घरच्या माणसापासून केली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, निंदेला पात्र ठरणारी आठ माणसं सांगितली आहेत : अति उंच, अति बुटका, अति केसाळ, अगदीच बिनकेसांचा, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति कृश. थोडक्यात, वधूवरांच्या जाहिरातीत न बसणारे सगळे. त्यांतल्या लठ्ठाची कारणं वाचताना कुणीतरी माझी कुंडलीच मांडली आहे असं वाटलं. फार खाणं, गोड आणि स्निग्ध खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं. इथवर सौ. सरळ सरळ जिंकत होती. पण त्याच यादीत ‘बीजस्वभाव’ असा शब्द आला, म्हणजे आईबापांकडून आलेला पिंड, आणि माझ्या जिवात जीव आला. यादीत सदा आनंदी असणं आणि चिंता न करणं हीसुद्धा कारणं आहेत. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला निदान हा आरोप तरी कुणी करणार नाही.

मग भेटला लंडनचा विल्यम बँटिंग. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, आणि तोही थेट राजघराण्याच्या. गिऱ्हाइकाची तक्रार येण्याची भीती नाही, असा धंदा. १८६२ साली पासष्टी ओलांडलेल्या या गृहस्थाची उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो होतं. बुटाचे बंद बांधता येत नसत, जिना पाठमोरा उतरावा लागे. व्यायाम म्हणून रोज पहाटे होडी वल्हवली, तर भूक अशी खवळली की वजन उलट वाढलं. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर विल्यम हार्वी यांनी कान सोडले आणि जीभ धरली. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद! वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ साली बँटिंगने पदरचे पैसे घालून ही हकीकत छापली. ती इतकी गाजली की त्याच्या नावाचं क्रियापद झालं. स्वीडनमध्ये आजही वजन उतरवण्यासाठी कमी खाण्याला ‘बांता’ म्हणतात.

म्हणजे राहणी बदलली, वजन उतरलं, खटला निकालात? तसं वाटलं खरं. पण त्याच पुस्तिकेत बँटिंगने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. रस्त्यात, सार्वजनिक गाड्यांत लोक लठ्ठ माणसाची टिंगल करतात, म्हणून तो चार माणसांत जाणं टाळत असे. लंडनमध्येही रोडरोलर म्हणणारे होतेच. त्यांच्या टिंगलीने बँटिंगचा एक पौंडही उतरला नव्हता.

पुढचा साक्षीदार पुन्हा लंडनचा, तोही दुमजली बसमधला. मुंबईकराला ही बस वेगळी समजावून सांगायला नको. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं, की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि रोज पाचशे-सातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. १९५६ साली त्यांनी या लोकांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर मोठा निघाला. झालं, खुर्ची दोषी! पण गंमत अशी, की तरुण ड्रायव्हरांचा घेरसुद्धा त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा मोठाच होता. मग खुर्चीने माणूस जाड होतो, की जाड होणारा माणूस खुर्ची शोधतो? वैद्यकशास्त्राला शिंप्याने घातलेलं हे कोडं मला फार आवडलं.

त्याच वर्षी डॉ. झां मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीच्या कामगारांचं खाणं आणि वजन तपासून प्रसिद्ध केलं. कष्टाचं काम करणारे भरपूर खात आणि सडपातळ राहत. बैठ्या कामाचे कारकून आणि दिवसभर गादीवर बसणारे दुकानदारही जवळजवळ तेवढंच खात, आणि वजनाने मात्र जास्त. बसून राहिलं म्हणून भूक काही कमी होत नाही. हे वाक्य मी सौ.ला वाचून दाखवलं नाही.

बीजाचा पुरावा आला डेन्मार्कहून. १९८६ साली डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास मांडला. त्यांचं वजन जन्मदात्यांशी जुळत होतं. ज्यांच्या ताटात जेवून ती वाढली, त्या आईबापांशी नाही. आता मी जिंकत होतो. पण लगेच ॲरिझोनाचे पिमा आदिवासी आडवे आले. गिला नदीच्या पाण्यावर शेती करणारी ही कष्टाळू माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीचं पाणी वरच्या वरच वळवलं. शेती बुडाली, उपासमार झाली आणि पुढे सरकारी शिधा आला : मैदा, चरबी, साखर. लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी त्यांना असं गाठलं, की जगभरच्या डॉक्टरांनी तिथे मुक्काम ठोकला. त्यांचे भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरांत हाताने शेती करत राहिले होते. १९९४ सालच्या अहवालात ते पुष्कळच हलके निघाले. बीज एकच, पण एकाची नदी गेली होती. आता यात राहणी कुठली आणि परिस्थिती कुठली? नदी पळवली दुसऱ्याने आणि आळशी ठरला तो.

शेवटचा पुरावा मात्र आमच्या पुण्यातच निघाला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं तपासली होती. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हाडामांसाने कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. अर्धपोटी आईच्या पोटात वाढलेलं मूल मिळेल ते साठवायला शिकूनच जन्माला येतं.

तिथे मी पुस्तक मिटलं. मला माझी आई आठवली. सगळ्यांची पानं उठल्यावर भांड्याच्या तळाचं जे उरेल त्यावर ती जेवायची. कधी नुसतं ताक-भात, कधी नुसतं ताक. माझ्या वेळी पोटुशी असतानाही ती शेवटीच जेवत असणार. त्या ताकाचा हिशोब आमच्या कुठल्या पिढीपर्यंत चालू आहे, कोण जाणे.

नातीला मी हे सगळं सांगितलं. नदी, बस, आणि पणजीचं ताकसुद्धा. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझी चूक नाही?’

‘नाही.’

‘मग मी काहीच करायचं नाही?’

‘करायचं की. चूक नसली तरी पायऱ्या आपल्याच आहेत.’

‘लाडवा’ हे नाव त्या दिवसापासून बंद झालं. पोळी तिने पोटभर खाल्ली. आता आम्ही दोघं संध्याकाळी बागेत जातो आणि येताना चार मजले चढतो. दुसऱ्या मजल्यावर मी इतिहासाचा एखादा मुद्दा काढून दम खातो. परवा ती म्हणाली, ‘आजोबा, आपण दोघं कंडक्टर.’

‘आणि ड्रायव्हर कोण?’

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि भाजीची पिशवी घेऊन सौ. बाहेर आली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. दुधीभोपळ्याचं तोंड पिशवीतून बाहेर डोकावत होतं.