गलाई व्यावसायिकांच्या लोकसंस्कृतीचा नकाशा

स्वभूमीबाहेर गेलेल्या समाजाची लोकसंस्कृति नकाशावर मांडावयाची तर प्रथम त्याची वसाहत शोधावी, असा सर्वसाधारण समज आहे. युरोपांतील स्लोवाक लोकांच्या बाबतींत तो खराहि ठरतो. त्यांच्यांतील शेतकरी कुटुंबें इ. स. १७४५ मध्यें दक्षिणेस बाच्का प्रांतांतील पेत्रोवाच येथें समूहानें जाऊन राहिलीं. गांव, प्रार्थनामंदिर व शाळा हीं एकाच ठिकाणीं नांदलीं, आणि १९१९ त तेथें स्लोवाक भाषेचें माध्यमिक विद्यालयहि निघालें. आमचें तंजावरहि या दृष्टीनें सोपें. व्यंकोजीराजांच्या वंशाचें राज्य १८५५ पर्यंत टिकलें. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महालांत मोडी कागद आहेत, आणि मराठी कीर्तनांतील साकी-दिंडी तामिळ हरिकथेंत मिळून गेल्या आहेत. संशोधकानें तेथें जावें आणि पाहावें.

परंतु सातारा-सांगलीकडील गलाई व्यावसायिकांना ही रीत लागू पडत नाहीं. खानापूर, आटपाडी, तासगांव, खटाव, माण या अवर्षणग्रस्त मुलखांतून सोनें-रुपें गाळण्याच्या धंद्यासाठीं बाहेर पडलेलीं हीं माणसें तामिळनाडूपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत पसरलीं आहेत. पण त्यांनीं कोठें गांव वसविलें नाहीं. सराफकट्ट्याच्या बोळांत एक भट्टी, चार मुशी आणि माडीवर बिऱ्हाड, एवढाच त्यांचा संसार. प्रथम एक जण जातो, मग तो भाच्यास किंवा मेहुण्यास बोलावून घेतो, आणि काम शिकलेला भाचा पुढें दुसऱ्या शहरीं स्वतःची भट्टी लावतो. १९७२ च्या दुष्काळासारख्या आपत्तींत ही वाट अधिकच रुळली.

ही विद्या पाहण्यासारखी आहे. अशुद्ध सोन्यांत सुमारें तिप्पट रुपें मिसळून तें वितळवितात, त्याचे बारीक तुकडे करून नत्राम्लांत उकळतात. रुपें विरघळतें, सोनें तळाशीं राहतें. विरघळलेलें रुपें तांब्याच्या पत्र्यानें पुन्हां खालीं बसवितां येतें. सोनाराच्या दुकानांतील केरहि हे लोक वायां जाऊं देत नाहींत. हें ज्ञान ग्रंथांतून आलेलें नसून मामाच्या हाताखालीं मिळालेलें असतें. म्हणून आमच्या मतें त्याची गणना ओवी आणि गोंधळ यांच्याइतकीच लोकसंस्कृतींत झाली पाहिजे.

तेव्हां हा नकाशा परक्या शहरापासून नव्हे, तर मूळ गांवापासून काढावयास हवा. त्याचीं साधनें गांवांतच आहेत. देवळांचे देणगीफलक, लग्नपत्रिका, सोयरिकींच्या याद्या व जुन्या वह्या यांत माणसाच्या नांवापुढें दूरच्या शहराचें नांव आलें, कीं गांवापासून त्या शहरापर्यंत एक रेघ ओढतां येते. अशा रेघा जमल्या म्हणजे कोणत्या वाडीचा कोणत्या मुलखाशीं संबंध, हें आपोआप दिसेल. जुनीं दफ्तरें पाहणाऱ्यानें मात्र सावध असावें. सांगली जिल्हा १९४९ त दक्षिण सातारा या नांवानें झाला आणि १९६० त त्यास आजचें नांव मिळालें. त्यापूर्वींचें विटें साताऱ्याखालीं शोधावें लागतें, आणि आटपाडी तर औंध संस्थानाखालीं.

ही घाई कशासाठीं, असें कोणी विचारील. परमुलखीं जन्मलेलीं मुलें तेथील भाषेंत शिकतात. आजोबा कोणाबरोबर व कोणत्या वर्षीं गेले हें सांगणारीं माणसें थकत चाललीं आहेत, आणि दुकान बदलतांना जुन्या वह्या रद्दींत जातात. जमिनीचे व इनामांचे कागद आम्हीं जपले. त्या जमिनीवर पोट न भरल्यामुळें जे बाहेर पडले त्यांचे कागद मात्र कोणी मागितले नाहींत. मंडळाच्या सभासदांनीं आरंभ खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेपासून करावा, मग विट्याची विजयादशमीची पालख्यांची शर्यत आणि मार्गशीर्षांतील म्हसवडचा रथ घ्यावा. परमुलखींचीं कुटुंबें अशा वेळीं गांवीं येतात, घरें उघडतात, आणि पेट्याहि उघडतात.