तेरणाकाठची माळवदे, येळवस आणि प्लॉट

माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले तेरणाकाठचे गाव. ‘निम्न तेरणा’ प्रकल्पाचे धरण इथे आहे, त्यामुळे पंचक्रोशीबाहेर ते धरणाचे गाव म्हणूनच ओळखले जाते. या टापूत सार्वजनिक बाग नावाची गोष्ट फार उशिरा आली आणि घरांचा बाजारही उशिराच उभा राहिला. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: मोकळी जागा कोणाची?

जुने गाव दाटीवाटीचे असे. वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. काळ्या कसदार जमिनीवर घर बांधणे परवडणारे नव्हते आणि शहाणपणाचेही नव्हते, कारण ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे गावठाण वाढले ते आतल्या आतच. गल्ल्या बैलगाडी जेमतेम जाईल एवढ्या, घरांना रस्त्याच्या बाजूने खिडक्या नाहीत, समोर दिसे ती फक्त उंच दगडी भिंत आणि भक्कम दरवाजा.

या घराला माळवद म्हणतात. भिंती दोन-अडीच हात रुंद. बाहेरच्या अंगाला जरा घडीव काळा दगड, आतल्या अंगाला ओबडधोबड गोटे आणि मध्ये माती व कपच्यांची भर. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि पाला, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणून ती पडक्या गढीवरून किंवा जुन्या वस्तीच्या टेकाडावरून खणून आणली जाई. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी माती पडे; गळती लागली की आणखी पडे. काढत कोणीच नसे. अशाने छप्पर वर्षागणिक जड होत गेले आणि काही घरांवर मातीचा थर दोन फुटांपर्यंत पोचला. उजेड येई तो छतातल्या सान्यातून. दारातून आत शिरले की ढेलज, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर. धान्यासाठी भिंतीत बलद आणि जमिनीत पेव. वैशाखातल्या दुपारी अशा घरात बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा असे. या एका गुणामुळे माळवदाचे बाकीचे दोष लोकांनी पोटात घातले.

घर मोजायचे ते खणांत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि वाटणीही त्याच मापाने. एका भावाकडे ढेलजेचे खण, दुसऱ्याकडे माजघराचे, चौक सामाईक. पुढे चौकाच्या मधोमध भिंत. घराची खरेदी-विक्री बहुधा भावकीत किंवा शेजाऱ्यात होई, कारण परक्याला सामाईक चौकातला हिस्सा घेऊन करायचे काय? सातबारा शेताचा असतो, गावठाणातल्या घराचा नसतो. घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधली नोंद आणि ती मुळात कर आकारण्यासाठीची. घर मोडले तर सागवानी खांब आणि तुळया पुन्हा कामी येत किंवा विकल्या जात. दगडमातीला कोणी विचारत नसे. घर ही गुंतवणूक नव्हती. पैसा हाती आला की माणूस जमीन घेई.

अशा गावात कुटुंबाने एकत्र बाहेर पडायचे कुठे? पुरुषांना पार होता, मारुतीचे देऊळ होते, ढेलज होती. बायकांना आणि मुलींना नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आणि फेर. जत्रेला सगळे जात, पण जत्रा देवाची आणि बाजाराची. केवळ मोकळ्यावर बसून जेवण्यासाठी अख्खे घर बाहेर पडण्याचा दिवस वर्षातून एकच होता. तो म्हणजे वेळ अमावास्या, बोलीत येळवस.

मार्गशीर्ष अमावास्येचा हा सण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि शेजारच्या कर्नाटकाच्या सीमाभागात जेवढ्या हौसेने होतो, तेवढा उरलेल्या महाराष्ट्रात कुठेच नाही. तेव्हा ज्वारी पोटऱ्यात आलेली असते किंवा निसवत असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि तूर ओली मिळते. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात. आत पाच दगड मांडून, त्यांना चुना लावून पांडव म्हणून त्यांची पूजा होते. घरात आदल्या दिवसापासून चूल पेटलेली असते. ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबवलेले आंबील मातीच्या बिंदग्यात भरतात. ओली तूर, वाटाणा, हरभरा, पावटा आणि हाताशी येतील त्या भाज्या चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवून भज्जी करतात. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. बिंदगे डोक्यावर, पाट्या गाडीत, पोरे पुढे पळत, असा लवाजमा सकाळीच निघतो. पूजा झाल्यावर पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात, मग पंगत बसते. दुपार झोपाळ्यात, पतंगात आणि गप्पांत जाते. दिवस मावळताना पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरवला की सण संपतो. लातूर आणि धाराशिवमध्ये या दिवशी स्थानिक सुटी असते आणि एरवी गजबजलेले लातूरचे रस्ते दुपारी अगदी ओस पडतात.

येळवस ही जमीनमालकाची सहल होती, हे मात्र विसरून चालत नाही. ज्याला शेत त्याचा कोप. सालगडी, बलुतेदार आणि भूमिहीन मजूर आमंत्रणावर जेवायला येत. आमंत्रण सढळ असे आणि आजही असते. गावातला शिक्षक किंवा तालुक्याचा कारकून एकेका दिवशी तीन-चार कोपांवर जेवतो. पण यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे सातबाऱ्यानेच ठरवलेले असे. नगरपालिकेच्या बागेत असा भेद निदान कागदावर तरी नसतो.

या घडीला पहिला धक्का धरणाने दिला. निम्न तेरणाचे काम 1980 च्या दशकाअखेर पुरे होत आले, नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली आणि कालव्याखालच्या शिवारात ऊस आला. ज्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या कोप उभे राहिले, त्यांतली काही जलाशयात गेली. मोबदल्याच्या निमित्ताने जमिनीची किंमत प्रथमच पिकाशी संबंध न ठेवता रुपयांत मांडली गेली. याच धरणावर पुढे संशयाची सुई वळली. 1992 च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या आसपास भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले. पुढच्या वर्षी मोठा भूकंप झाल्यावर जलाशयातल्या पाण्याच्या भाराने जमीन हलली का, यावर शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. एकमत झाले नाही. गावागावांत मात्र धरणाचा दोष तेव्हाच पक्का ठरला होता.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून गावे नुकती झोपली होती. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी माकणीच्या शेजारची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी हिशेबाने बळींची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपाला ही संख्या फार मोठी आहे आणि तिचे कारण माळवदाच्या रचनेत आहे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंफलेले नव्हते. हादऱ्याने ते फाकले, दगड आत कोसळले आणि वरची अनेक टन माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक घरांत लाकडी सांगाडा मात्र उभाच राहिला. म्हणजे खांब आणि तुळया बांधणाऱ्या सुताराचे काम टिकले, गाफील राहिली ती भिंत. हा तपशील तज्ज्ञांच्या अहवालांत आला, पण घाबरलेल्या लोकांच्या गळी उतरला नाही. दगड आणि माती ही नावेच नकोशी झाली होती.

पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशभरातून आलेल्या देणग्यांतून झाले. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. कमी पडझडीच्या गावांत जागेवरच दुरुस्तीला आणि मजबुतीकरणाला मदत मिळाली. नव्या गावांत घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला 750. आपत्तीने मोठे आणि लहान वाडे सारखेच जमीनदोस्त केले होते. सरकारने जुनी उतरंड सिमेंटमध्ये पुन्हा रचली, असेच म्हणावे लागते. अर्थात त्यामागे व्यवहार होता. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे आणि जनावरे ठेवायला जागा हवी होती आणि त्याची संमती नसती तर गाव हललेच नसते.

नव्या गावाचा आराखडा कागदावर देखणा होता. सरळ रेषेतले रुंद रस्ते, ओळीने घरे, शाळा, समाजमंदिर, खेळाचे मैदान आणि बागेसाठी राखलेले तुकडे. पुन्हा भूकंप झालाच तर धावत बाहेर पडायला जागा असावी, हा त्यामागचा विचार. गाव जुन्या पांढरीच्या कितीतरी पट पसरले. पण एवढ्या रस्त्यांची, गटारांची आणि दिव्यांची निगा ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर होती. बागेच्या जागेला ना कुंपण, ना पाणी, ना माळी. तिथे बाभळी उगवल्या, कडब्याच्या गंजी लागल्या, जनावरे बांधली गेली, कुठे देऊळ उभे राहिले. आखणी करणाऱ्यांना हे अतिक्रमण वाटे. गावकऱ्यांच्या दृष्टीने ज्या जागेला धनी नाही ती वापरायचीच असते. शिवाय घरासमोर गोठा आणि मागे परसू नसलेल्या शेतकऱ्याने गंज लावायची कुठे?

घरे तापत, म्हणून पुढे पत्र्याची शेड आली. काही ठिकाणी शेत लांब पडले, म्हणून शेतातच खोली बांधली आणि गावातले घर मुलाच्या शिक्षणासाठी ठेवले किंवा भाड्याने दिले. भूकंपापूर्वी या टापूत घर भाड्याने देण्याची रीत जवळपास नव्हती. आता सारख्या मापाची, नंबर असलेली, एकटीदुकटी घरे होती. अशी वस्तू विकायला सोपी. अडचण होती कागदाची. घराच्या मालकीचा कबाला अनेकांच्या हाती वर्षानुवर्षे पडला नाही. मूळ लाभार्थी वारले, वारसांची नोंद राहिली, घर मात्र नोटरीच्या बॉण्डवर दुसऱ्याकडे गेले. असे व्यवहार विश्वासावर चालतात आणि बँक विश्वासावर कर्ज देत नाही.

खरा बाजार उभा राहिला तो गावाबाहेर. लातूरच्या शाळा-महाविद्यालयांची ख्याती वाढली तशी ऐपतदार शेतकऱ्यांनी तिथे, उमरग्यात किंवा सोलापुरात प्लॉट घेतले. शेत बिगरशेती करून, आखणी करून, 30 बाय 40 चे तुकडे विकणे म्हणजे प्लॉटिंग. रीतसर मंजुरी असेल तर जमिनीचा दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. बोलीत त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात आणि विकणारा नकाशावर तो हिरव्या रंगात दाखवतो. शेजारी बाग असलेल्या प्लॉटला चार पैसे जास्त मिळतात, पण ती बाग बहुधा नकाशाबाहेर येत नाही. प्रत्यक्षात गाजरगवत आणि एखादी बोअर. मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वस्त्यांत तेवढेही नसते. त्या नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारी कायदा झाला, तरी विकून गेलेली मोकळी जागा कायद्याने परत येत नाही.

गावठाणाच्या घरांना कागद देण्याचा प्रयत्न 2020 पासून स्वामित्व योजनेत सुरू झाला. ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघू लागल्या. खणात मोजलेले घर आता चौरस मीटरमध्ये आले. ज्या चौकाचे दोन-तीन पिढ्या कोणी नाव घेतले नव्हते, त्यात कोणाचा किती हिस्सा, हा वाद या मोजणीनिमित्त पुन्हा निघतो.

कुटुंबाच्या विरंगुळ्याच्या जागाही बदलल्या. धरण भरले आणि दरवाजे उघडले की आसपासच्या गावांतून आणि लातूरकडून लोक गाड्या घेऊन माकणीला पाणी पाहायला येतात. जरा लांबची सहल म्हणजे नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवरच्या आदिलशाही बंधाऱ्यातला पाणी महाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पावसाळ्यात गर्दी खेचतात. येडशीजवळचे रामलिंग हेही असेच एक ठिकाण.

येळवस टिकली आहे, तिचे सामान मात्र बदलले. सोयाबीन आणि ऊस वाढले, ज्वारी मागे पडली, त्यामुळे कोपासाठी कडबा विकत किंवा मागून आणावा लागतो. काही जण शेडनेटचे कापड ताणतात. बैलगाडीची जागा चारचाकीने घेतली. शेत विकून शहरात गेलेली घरे त्या दिवशी भावकीच्या किंवा मित्राच्या कोपावर येतात, म्हणजे कालचे यजमान पाहुण्यांच्या पंगतीत बसतात. बांधापर्यंत प्लॉटिंग आलेल्या शेतांत हेंडगा शेजारच्या सिमेंटच्या खुणेच्या खांबापर्यंत जाऊन वळतो, कारण त्यापुढची जमीन आता नंबर टाकलेल्या प्लॉटांची आहे.