चंद्रकांत पंडित आणि विदर्भाचें क्रिकेट

आमचा बुलढाणा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम वेशीवर आहे. मलकापूरच्या किंवा शेगांवच्या स्टेशनावर उभें राहिलें, तर एका बाजूस नागपूर आणि दुसऱ्या बाजूस मुंबई. क्रिकेटच्या बाबतींत आमच्याकडील मंडळींचें मन पुष्कळ वर्षें मुंबईच्या गाडीनेंच जात असे, हें कबूल केलें पाहिजे. मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ रणजी स्पर्धेच्या पहिल्याच सालीं, म्हणजे १९३४-३५ मध्यें, मैदानांत उतरला होता. विदर्भ या नांवाचा संघ १९५७-५८ पासून खेळूं लागला. परंतु त्यानंतरच्या साठ वर्षांत त्यास एकदांहि अंतिम सामना गांठतां आला नाहीं. हरणें हा जणूं आपला प्रांतधर्मच, अशी प्रेक्षकांची समजूत होऊन बसली होती. ती ज्यानें मोडली तो गृहस्थ मुंबईचाच निघाला, ही मौज खरी.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म १९६१ सालीं मुंबईंत झाला. ते यष्टिरक्षक, पण १९८६ सालीं लीड्स येथें पहिला कसोटी सामना खेळले ते निव्वळ फलंदाज म्हणून. किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक संघांत असतां पंडितांच्या वाट्यास १९९२ पर्यंत अवघे ५ कसोटी सामने आले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें आठ हजारांवर धावा करणाऱ्यास ही बिदागी थोडीच म्हणावयाची.

पुढें ते मध्यप्रदेशाकडून खेळूं लागले व तेथें कर्णधार झाले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यांत, बेंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर, त्यांच्या संघानें कर्नाटकावर पहिल्या डावांत ७५ धावांची आघाडी मिळविली. सामना नुसता अनिर्णित राखला असता तरी चषक त्यांचाच होता! शेवटच्या दिवशीं विजय भारद्वाजच्या फिरकीपुढें डाव कोसळला आणि ९६ धावांनीं पराभव पदरीं आला. तोंडाशीं आलेला घास असा गेला, कीं त्याची रुखरुख माणसास जन्मभर पुरावी.

शिक्षक म्हणून त्यांनीं प्रथम मुंबईस रणजी चषक मिळवून दिले; पण मुंबईस चषकाचें अप्रूप तें काय? खरी कसोटी २०१७ सालीं विदर्भांत आली. त्यांची शिस्त कडक. ज्येष्ठ असो वा कनिष्ठ, सर्वांस एकच माप. ही रीत सर्वांस रुचते असें नाहीं, आणि आमच्याहि मतें तिच्यांत जाच आहे. मात्र जो संघ मनानें आधींच हरलेला असतो, त्यास गोड शब्दांपेक्षां या जाचाचाच उपयोग अधिक झाला, हें नाकारतां येत नाहीं.

याचा पुरावा कलकत्त्याच्या उपांत्य सामन्यांत मिळाला. कर्नाटकापुढें विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला व ११६ धावांची पिछाडी पडली. पूर्वीचा विदर्भ तेथेंच संपला असता. या वेळीं दुसऱ्या डावांत ३१३ धावा झाल्या; आणि अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीनें सात गडी बाद करून अवघ्या ५ धावांनीं विजय खेंचून आणला. इंदूरच्या अंतिम सामन्यांत त्यानेंच दिल्लीविरुद्ध तीन चेंडूंत तीन गडी टिपले. १ जानेवारी २०१८ रोजीं फैज फजलच्या हातीं चषक आला. पुढल्या वर्षीं नागपुरास सौराष्ट्राविरुद्ध तो पुन्हां जिंकला. त्या सामन्यांत आदित्य सरवटेनें अकरा बळी घेतले, आणि त्यांत पुजारासारखा फलंदाज दोन्ही डावांत होता.

पंडित नंतर मध्यप्रदेशाकडे परतले. जून २०२२ मध्यें, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, त्यांच्या संघानें मुंबईस ६ गडी राखून हरविलें. तेवीस वर्षांपूर्वींचा कर्णधार त्या दिवशीं मैदानावर रडला. दोन वर्षांनीं कलकत्त्याच्या आयपीएल संघानेंहि त्यांच्या शिक्षकपदाच्या काळांत विजेतेपद मिळविलें. त्या यशाचें श्रेय बव्हंशीं इतरांच्या नांवावर जमा झालें, तो भाग निराळा.

विदर्भाचें काय झालें? मार्च २०२५ मध्यें नागपुरास केरळाविरुद्ध, पहिल्या डावाच्या आघाडीवर, त्यानें तिसरा चषक जिंकला. पंडित तेव्हां तेथें नव्हते. शिक्षक होते उस्मान गनी. आणि केरळाकडून त्या सामन्यांत चिवटपणें ७९ धावा काढून विदर्भास झुंजविणारा फलंदाज होता आपलाच आदित्य सरवटे.