वेक बेट : एक संदेश आणि एक शिलालेख

मध्य पॅसिफिकमधील वेक हे वस्तुतः प्रवाळाच्या तीन छोट्या बेटांचे एक कंकण होय. त्याची सारी भूमी जेमतेम सात चौरस किलोमीटरांची. मूळची मानवी वस्ती नाही, आणि होनोलुलू सुमारे ३,७०० किलोमीटरांवर. डिसेंबर १९४१मध्ये येथे अमेरिकेचे साडेचारशेच्या आसपास मरीन सैनिक, थोडे नौसैनिक आणि तळाचे बांधकाम करणारे अकराशेहून अधिक मुलकी कामगार होते. या कामगारांचा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. वेकच्या युद्धकथेला त्याचा फार लवकर विसर पडला.

८ डिसेंबरला (वाररेषेच्या पलीकडे पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा दिवस तोच) ३६ जपानी बॉम्बफेकी विमानांनी वेकवरील बारा लढाऊ विमानांपैकी सात जमिनीवरच नष्ट केली. ११ तारखेला काजिओका याचे आरमार सैन्य उतरविण्यासाठी किनाऱ्याजवळ आले. मेजर डेव्हरो यांनी तोफा मुद्दाम मुक्या ठेवल्या व जहाजे टप्प्यात येताच मारा सुरू केला. ‘हायाते’ ही विनाशिका तोफांनी बुडविली, ‘किसारागी’ विमानाच्या हल्ल्यात बुडाली आणि काजिओका माघारी फिरला. चहूकडून पराभवाच्याच वार्ता येत असता अमेरिकेला हा विजय केवढा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

याच सुमारास एका वाक्याचा जन्म झाला. काय पाठवू, या प्रश्नाला वेकने ‘आणखी जपानी पाठवा’ असे उत्तर दिले, ही वार्ता देशभर पसरली. सांकेतिक संदेश शत्रूला उकलू नये म्हणून त्याच्या आरंभी व शेवटी असंबद्ध शब्द भरण्याची तेव्हा रीत होती. अशा भरताडातून हे वाक्य निघाले, असा खुलासा पुढे करण्यात आला. असा संदेश आपण पाठविलाच नाही, असे डेव्हरो यांनी युद्धानंतर सांगितले. होते तेवढे जपानी त्यांना पुरेसे होते. पाठचिकित्सेची सवय असलेल्यास हा प्रक्षेपाचा नमुना ओळखीचा वाटेल. मात्र येथे संहितेबाहेरचे शब्दच संहिता होऊन बसले आणि खरे संदेश दप्तरात राहिले.

२३ डिसेंबरच्या पहाटे जपानी सैन्य पुन्हा उतरले. या वेळी विमानवाहू जहाजांच्या पाठबळासह. ‘साराटोगा’सह मदतीस निघालेला ताफा वाटेतूनच परत बोलाविण्यात आला. बेटाचे प्रमुख कमांडर कनिंगहॅम यांनी शरणागतीचा निर्णय घेतला. पांढरे निशाण घेऊन डेव्हरो पुढे गेले. १९४२च्या ‘वेक आयलंड’ या चित्रपटात मात्र सैनिक अखेरपर्यंत लढताना दिसतात. प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते तेव्हा त्या लढाईतील शेकडो माणसे शांघायजवळच्या छावणीत जिवंत होती. हुतात्म्यांच्या कथेत युद्धकैदी अडचणीचे ठरतात. कामगार तर अधिकच. वस्तुतः त्यांच्यापैकी कित्येकांनी तोफगोळे वाहिले, काहींनी तोफा चालविल्या, आणि सुमारे सत्तर जण मारले गेले.

पुढे जपान्यांनी आपल्या कामासाठी ९८ कामगारांना बेटावर ठेवून घेतले. ५ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी वेकवर मोठा हल्ला केला. आता अमेरिकन सैन्य उतरेल या भयाने बेटाचा जपानी अधिपती साकाइबारा याने ७ ऑक्टोबरला त्या सर्वांना ठार करविले. एकच जण निसटला. त्याने प्रवाळाच्या खडकावर ‘९८ यू.एस. पी.डब्ल्यू. ५-१०-४३’ एवढी अक्षरे कोरली. पुढे तो सापडला आणि त्याचाही शिरच्छेद झाला. कोरलेली तारीख आणि हत्येची तारीख यांचा मेळ बसत नाही. ती बहुधा हल्ल्याची असावी, किंवा दिवसांची मोजदादच त्याच्या हातून सुटली असावी.

अमेरिकेने बेट पुन्हा जिंकून घेतले नाही, नाकेबंदी केली. जपानी शिबंदी उपासमारीने खंगली. तिने वेकवरचा, केवळ तेथेच आढळणारा, उडता न येणारा रेल पक्षीही खाऊन संपविला. ४ सप्टेंबर १९४५ला ती शरण आली. साकाइबाराला जून १९४७मध्ये ग्वाममध्ये फाशी झाली. लढलेल्या कामगारांना माजी सैनिकांचा दर्जा मिळण्यास १९८१ साल उजाडावे लागले.

तो खडक विल्क्स या बेटावर अजून आहे. अक्षरे कोरणाऱ्याचे नाव निश्चित झालेले नाही.